शिवराईचा भाव आणि शिवराईची नोंद

दुबई-शारजातल्या माझ्या ओळखीच्या काही मराठी घरांत तांब्याची शिवराई चौकटीत घालून भिंतीवर लावलेली दिसते. कौतुकाचीच गोष्ट. पण या छंदाला जे वळण लागले आहे त्याबद्दल थोडे कडू लिहिणे भाग आहे.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. होन आपण फोटोतच पाहायचा. शिवराई मात्र पुढे पेशवाईतही पडतच राहिली आणि १८१८ नंतरही लोकांच्या हातात खेळली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. किरकोळ देवघेवीचे नाणे, म्हणून ते भरपूर उरले आणि म्हणून आपल्या खिशाला परवडते.

आता तक्रार. विक्रेत्यांच्या याद्यांत अक्षरे पूर्ण असलेल्या नाण्याला चढा भाव आणि झिजलेले, अर्धवट नाणे किलोवर. ‘शिव’ऐवजी ‘सीव’ आले की ‘दुर्मीळ चूक’ म्हणून आणखी पैसे. चूक कसली? शुद्धलेखनाचे नियम आपण फार नंतर केले. ही निरनिराळी वळणे म्हणजे निरनिराळ्या कारागिरांचे हात. शिवाय ठसा मोठा आणि चकती लहान, त्यात घाव हाताचा; त्यामुळे पुष्कळ नाण्यांवर मजकूर कडेला कापलाच जातो. एकाच ठशाची पाच ‘टाकाऊ’ नाणी शेजारी ठेवली तर सबंध ठसा उभा राहतो. (आमच्या धंद्यात तुटक संदेश असेच जुळवतात.) भाव आणि प्रत सगळ्या याद्यांत असते, वजन क्वचित, आणि नाणे कुठल्या गावचे हे जवळजवळ कधीच नाही. म्हणजे ज्यावरून काही कळेल तेच गाळलेले!

सोळाव्या शतकात पोपच्या राज्यात क्वात्रिनो नावाचे असेच हलके नाणे रोम, अंकोना, बोलोन्या इथे पडत असे. इटलीचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा स्वतः नाण्यांचा वेडा. त्याच्या पुढाकाराने १९१० ते १९४३ या काळात निघालेल्या वीस खंडांच्या सूचीत असली फुटकळ नाणीही फरकांसकट ओळीने नोंदली आहेत. शिवराईला राजाश्रय नसेल, पण वही-पेन्सिल तर आहे!

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ‘एक पैशाचे तर आहे’ म्हणून सुटीहून परतताना पाकिटात टाकलेली शिवराईही त्यातच आली. इतिहासप्रेमाच्या नावाखाली आपण हे सर्रास करतो आणि वर चिंचेने घासून लखलखीत करतो. तो काळपट थर गेला की अक्षरांची कडही थोडी जाते.

माझे म्हणणे इतकेच, की नाणे गावीच ठेवावे आणि नोंद इकडे आणावी. येत्या सुटीत घरच्या देव्हाऱ्यात किंवा आजीच्या डब्यात शिवराई सापडली तर घासू नका. सोनाराच्या काट्यावर वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, ती घरात कुठून आली हे वडीलधाऱ्यांना विचारून गावाच्या आणि तालुक्याच्या नावासह लिहून ठेवा. दहा घरांच्या अशा नोंदी जमल्या तर त्या शेजारी मांडून पाहायला मी आनंदाने बसेन.