जमलं, चालतं, पुन्हा नको

मराठी प्रवासवर्णनाचा एक नियम मी फार वर्षांच्या वाचनानंतर शोधून काढला आहे. लेखक परदेशात उतरला की पहिली पंचवीस पानं तो भारावलेला असतो. पुढची पंधरा पानं तो शहाणा असतो, म्हणजे तिकडच्या बसच्या रांगेची आपल्याकडच्या रांगेशी तुलना करतो. आणि चाळिसाव्या पानाच्या आसपास त्याला भूक लागते. समोर उकडलेला बटाटा, उकडलेला कोबी आणि उकडलेलं आणखी काहीतरी असतं. त्याला आठवतं ते पिठलं. मग फोनाफोनी होते, कुणीतरी कुलकर्णी सापडतात आणि पुढच्या प्रकरणात लेखक त्यांच्या स्वयंपाकघरात बसून गरम भातावर पिठलं ओढत असतो. हे पिठलं आपण जन्मात विसरणार नाही असं लिहून तो ते तिथेच विसरतो आणि पुढच्या पानावर स्वित्झर्लंडला निघून जातो.

समीक्षक या नात्यानं माझा आक्षेप त्या विसरण्याला आहे. त्या गावात बेसन आलं कुठून? कढीपत्ता नव्हता तर फोडणीत काय गेलं? हे एकही लेखक विचारत नाही. भूक लेखकाची, म्हणून ती साहित्य. पिठलं सौ. कुलकर्णींचं, म्हणून तो पाहुणचार.

मोठ्यांची नावं घेतो ती दोष द्यायला नव्हे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवर १८८९ साली पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच 'लोकस्थिती' आधी आणि 'प्रवासवृत्त' मागून येतं. १९४० साली अनंत काणेकरांचं 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' आलं, १९५९ साली गंगाधर गाडगीळांचं 'साता समुद्रापलीकडे'. १९६० साली पु. लं.ची 'अपूर्वाई' आली आणि पासपोर्ट नसलेल्या मराठी माणसालाही विलायत घडली. माझी तक्रार आहे ती यांच्या मागून निघालेल्या दिंडीबद्दल. आणि खरं सांगायचं तर त्या दिंडीत टाळ कुटणाऱ्यांत मीही होतो.

झालं असं, की १९७१ साली माझा थोरला भाऊ आणि वहिनी इंग्लंडला, लेस्टरला गेले. वीस किलोंचं सामान न्यायला परवानगी. त्यात वहिनींनी भाजणी, मेतकूट, सांडगी मिरच्या, 'रुचिरा' नावाचं नवंकोरं पुस्तक आणि एक वाटी भरली. वाटी पितळेची, कल्हईची, काठाला पोचा आलेली. सांताक्रूझच्या विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा भावाचा एक सूट बाहेर निघाला, वाटी निघाली नाही. मला विनोदी लेखक व्हायचं होतं आणि विषय समोर चालून आला होता. 'विलायतेला वाटी' असा लेख मी एका दिवाळी अंकात लिहिला. इंग्लंडात वाट्या मिळत नसतील या समजुतीनं राणीच्या राज्यात पितळ घेऊन जाणारी बाई! लोक हसले. मी खूष होऊन तो अंक बोटीच्या टपालानं लेस्टरला पाठवलासुद्धा. उत्तर आलं नाही. टपाल गहाळ झालं असेल असं मी सोयीस्करपणे धरून चाललो.

भाऊ गेल्यावर वहिनी परत आल्या. माहेर वाईचं, म्हणून पसरणीचा घाट चढून पाचगणीला एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहू लागल्या. गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे आठ दिवस होतो. टेबललँडवर घोडे आणि मुंबईकर यांची इतकी दाटी, की कोण कुणावर बसलंय ते लांबून कळत नव्हतं. म्हणून मी घरीच बसलो आणि वाचायला काही आहे का विचारलं.

"हे आहे," म्हणत वहिनींनी तेच पुस्तक पुढे केलं. पाठ सुटलेली, पानांना तेलाचे डाग, आत कागदांचे कपटे.

'रुचिरा' मी त्याआधी वाचलं नव्हतं. पुरुषानं पाकशास्त्राचं पुस्तक खायच्या वेळी आठवायचं, वाचायचं नाही, असा आमच्या पिढीचा रिवाज. आता वाचलं, तर हा मला वाङ्मयातला एक चांगला ग्रंथ वाटला. कमलाबाई ओगले सांगलीच्या. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. पाककृतींची पुस्तकं त्याआधीही होती. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१० सालचं. पण घराघरांतून स्वयंपाक शिकवण्याची भाषा होती ती 'अंदाजानं'. मीठ अंदाजानं, पाणी बेतानं, आणि चुकलं की सासूबाई आहेतच. कमलाबाईंनी १९७० साली हा अंदाज वाटी आणि चमच्यात मोजून दाखवला. ज्या मुलीजवळ ना आई, ना सासू, ना शेजारीण, तिला पहिल्यांदाच एकटीनं पुरण घालता येऊ लागलं. प्रवासवर्णनकाराला जे दोन पानांच्या उमाळ्यात सांगता येत नाही, ते ही बाई चार ओळींत सांगते, आणि मधे स्वतः येत नाही. आम्हा लेखकांना हे एवढं जमलं असतं तर मराठी साहित्य निम्म्या जागेत मावलं असतं.

आणि मग मला वाटीचा उलगडा झाला. सगळं पुस्तक वाटीत मोजलेलं. आणि पुस्तक काहीही म्हणो, हात बसलेला असतो तो आपल्याच घरच्या वाटीला. वहिनी भांडं घेऊन गेल्या नव्हत्या, माप घेऊन गेल्या होत्या. चोपन्न वर्षांनी मला माझाच विनोद कळला आणि हसू आलं नाही.

पुस्तकात दोष एकच: डाळ घरात आहे असं ते धरून चालतं. लेस्टरात ती नव्हती. तो दोष वहिनींनी समासात, पेन्सिलीनं दुरुस्त केला होता. 'पुरण: ह. डाळ नाही. पिवळे वाटाणे फोडलेले. एक तास जास्त. चालतं.' 'गूळ नाही. काळपट साखर. रंग बरा, वास नाही. चालतं.' 'कोथिंबीर नाही. पार्सली. पुन्हा नको.' 'चिवडा: पोहे नाहीत. न्याहारीचे राइस क्रिस्पीज. ह्यांना कळलं नाही. जमलं.' शिऱ्याचा रवा त्यांना पुडिंगच्या फळीवर सापडला, तांदळाची पिठीही तिथेच. १९७२ साली इदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, त्यातले बरेच गुजराती लेस्टरला आले आणि वाण्याची दुकानं निघाली. समासात ते एका ओळीत नोंदलेलं आहे: 'मेथी मिळाली. जुडी.' त्यापुढे शेरा नाही, नुसतं उद्‌गारचिन्ह आहे. समीक्षेची माझी सगळी परिभाषा मी या तीन शेऱ्यांवरून ओवाळून टाकायला तयार आहे: जमलं, चालतं, पुन्हा नको.

पुरणपोळीच्या पानावर खाली आणखी एक ओळ होती. 'होळी ७४. तार आली. केल्या नाहीत.'

ती तार मीच केली होती. आई गेल्याची. त्या दिवशी लेस्टरात वाटाणे भिजत पडले असतील हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. मी पान उलटलं.

एखादा वाचक म्हणेल, हा सगळा कोतेपणा नव्हे काय? जग पाहायला जायचं आणि मेथी हुडकायची? अशा वाचकानं पाचगणीला यावं. हे गाव म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मेथीचंच गाव आहे. शेजारच्या महाबळेश्वरी १८२८च्या सुमारास गव्हर्नर माल्कमसाहेबानं गोऱ्यांसाठी हवेचं ठाणं वसवलं. तिथे १८६४ पर्यंत चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, आणि हे कैदी साहेबासाठी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवीत. त्यांना स्वतःला काय खावंसं वाटतं, असं विचारायला तो काही कुलकर्ण्यांचा पाहुणचार नव्हता. १८६०च्या दशकात जॉन चेसननं पाचगणी उभी केली आणि सिल्व्हर ओकसारखी परकी झाडं लावली. आम्ही एक वाटी नेली तर विनोद झाला. साहेबानं डोंगरच्या डोंगर घरच्यासारखा करून घेतला तर त्याला थंड हवेचं ठिकाण म्हणतात.

साहेबिणींची 'रुचिरा'ही होती. फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी हिंदुस्थानात संसार थाटणाऱ्या इंग्रज बायकांसाठी १८८८ साली एक जाडजूड पुस्तक काढलं. तपशिलाला चोख, हिशेबाला पक्कं. पण देशी पदार्थ त्यात आग्रहास्तव म्हणून घेतलेले, आणि ते बहुतेक फार तुपकट व गोड असतात असा शेरा वर मारलेला. इथे मी वहिनींच्या बाजूनं मत देतो. परक्या भाजीला नाव ठेवण्याआधी त्यांनी ती एकदा शिजवून पाहिलेली आहे. ज्याच्या घरात आपण राहतो त्याची चव चाखायचीच नाही, हा कोतेपणा. आपली चव त्याच्या बाजारातून जुळवून घ्यायची, हा संसार.

संध्याकाळी वहिनी बाजारातून आल्या त्या चिडूनच.

"भाऊजी, स्ट्रॉबेरी आहे, लेट्यूस आहे, ब्रोकोली आहे, आणि साधं रुबार्ब नाही! साहेब इथे इतकी वर्षं राहून करत काय होता?"

मी बघतच राहिलो. चाळीस वर्षं लेस्टरात मेथी शोधणारी बाई आता पाचगणीत रुबार्ब शोधत होती! त्यांनी फळीवरून एक इंग्रजी पाकपुस्तक काढलं. त्याचेही समास मराठी पेन्सिलीनं भरलेले. 'पार्सनिप नाही. मुळा घेतला. पुन्हा नको.' त्यातून एक पिवळा कपटा घरंगळत खाली आला. छापील. 'विलायतेला वाटी.' माझा लेख! म्हणजे टपाल पोचलं होतं. कडेला तेच बारीक अक्षर: 'मीठ जास्त. माप नाही.' मी पुढचा शेरा शोधत होतो तो कपट्याच्या मागच्या बाजूला सापडला: 'लहान आहेत. चालतं.'

आजवर माझ्यावर झालेली ही सर्वांत उदार समीक्षा.

"वहिनी, मी तेव्हा..." मी सुरुवात केली.

"ते राहू द्या. आधी ही करवंदं निवडा," त्या म्हणाल्या. रुबार्बऐवजी रानातून आलेली करवंदं त्यांनी घेतली होती. हिंदुस्थानातल्या इंग्रज बायका त्यांची जेली करीत; वहिनी त्यांचं क्रंबल करणार होत्या. मी करवंदं निवडली, माझी बोटं चिकानं चिकट झाली. पीठ मोजायला त्यांनी वाटी काढली. तीच, पोचा आलेली.

रात्री आम्ही दोघांनी ते गरम गरम, साय घालून खाल्लं. थोडं आंबट, थोडं तुरट, वरून खुसखुशीत. विलायतेचं म्हणावं तर करवंद, कृष्णा खोऱ्यातलं म्हणावं तर क्रंबल. वहिनींनी पेन्सिल माझ्या हातात दिली.

"लिहा तुम्हीच. तुम्ही समीक्षक."

मी पुष्कळ विचार केला आणि लिहिलं: 'रुबार्ब नाही. करवंदं. जमलं.'