कारण, हेतू आणि सबब : ‘ययाति’च्या निमित्ताने

माणूस असा का वागला, या प्रश्नाला निदान तीन प्रकारची उत्तरे संभवतात. कारण कृतीमागच्या परिस्थितीकडे बोट दाखवते. हेतू कर्त्याला काय साधायचे होते ते सांगतो. सबब मात्र कृतीचे ओझे कर्त्याच्या खांद्यावरून उतरवू पाहते. जर्मन तत्त्वचिंतक डिल्टाय याने निसर्गाचे स्पष्टीकरण आणि मानवी जीवनाचे आकलन असा भेद केला. तथापि आकलनाच्या नावाखाली हेतू आणि सबब यांची सरमिसळ होण्याचा धोका उरतोच. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) वाचताना तो विशेष जाणवतो.

दीर्घकाळ कोल्हापुरात राहिलेल्या खांडेकरांच्या या कादंबरीवर नहुषाच्या मुलांना सुख लाभणार नाही, या शापाचे सावट आहे. ययातीच्या भोगलोलुपतेचे कारण म्हणून तो पुढे करणे सोपे आहे. परंतु त्याच शापाच्या धाकाने थोरला भाऊ यती वैराग्याकडे वळतो. एकच शाप दोन विरुद्ध टोकांच्या आयुष्यांचे कारण ठरत असेल, तर त्यातून एकाचाही पुरता उलगडा होत नाही. शाप सुखाविषयी बोलतो, वर्तनाविषयी नाही. दुःखाचे आघात हेही कारण असेच अपुरे पडते. राजकन्येची दासी झालेली शर्मिष्ठा थोडेथोडके गमावत नाही. तरी ती ययातीच्या वाटेने जात नाही.

येथे निवेदनपद्धतीचा विचार अपरिहार्य ठरतो. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली हकिकत प्रथमपुरुषी सांगतात. स्वतःच्या वर्तनाचे कारण कर्ताच सांगू लागला की त्या कारणाची जात बदलते. ते सबब होऊ लागते. एकाच्या सबबीची पारख दुसऱ्याच्या निवेदनाने व्हावी, अशी ही रचना आहे. संयमाचा आदर्श असलेल्या कचाला मात्र निवेदनाचा भाग दिलेला नाही, हे अर्थपूर्ण वाटते.

पात्र असे का वागते, याचे आणखी एक उत्तर असते : लेखकाच्या आशयाला तसे वागणे हवे होते. ययातीत आधुनिक माणसाचे प्रतिबिंब पाहणाऱ्या खांडेकरांच्या बाबतीत ते खरेच आहे. पण हे रचनेचे प्रयोजन झाले, पात्राचा हेतू नव्हे.

म्हणून समीक्षकाने कारणे नाकारू नयेत. त्यांची मर्यादा ओळखावी. कारणांचा हिशेब पुरा झाल्यावर जे शिल्लक राहते, तेथेच नैतिक जबाबदारीचा प्रश्न सुरू होतो. ते शिल्लकच राहत नसेल, तर ययातीचा पश्चात्ताप निरर्थक ठरेल आणि त्याबरोबर कादंबरीही.