‘काळा पाषाण’ म्हणजे कोणता?
लेण्यांवरच्या मराठी लेखनात ‘काळा पाषाण’ सर्रास भेटतो. माझ्या पहिल्या लेखात तर मी वेरूळचा खडक ग्रॅनाइट ठरवला होता! भूशास्त्रज्ञ रंगावर थांबत नाही. ताजा तुकडा फोडून भिंगाखाली कण पाहतो. लाव्हा भूपृष्ठावर लवकर थंडावला, की कण बारीक राहतात; वेरूळचा बेसाल्ट असा. शिलारस जमिनीखाली सावकाश निवाला, की स्फटिक मोठे होतात. त्यांत क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार मुबलक असले, तर ग्रॅनाइट. खडकाचे नाव म्हणजे त्याची जन्मकथा. वेरूळच्या बेसाल्टातही घट्ट थर वेगळे, वायूच्या पोकळ्यांचे वेगळे. छिन्नी कुठे बारीक चालली, भिंत कुठे झिजली, हे त्याशिवाय उलगडत नाही. शैलीवर बोलण्याआधी समीक्षकाने दगड वाचावा. मी उशिरा शिकलो.