संप्रेरक प्रदूषकांचे निर्मूलन : विकर-संशोधनाच्या मोजपट्टीची चिकित्सा

प्रास्ताविक

मानवी मूत्रातून आणि गर्भनिरोधक गोळ्यांच्या वापरातून इस्ट्रोजेनवर्गीय संप्रेरके सांडपाण्यात येतात. त्यांचे प्रमाण अत्यल्प असले तरी परिणाम अल्प नसतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ या काळात इथिनाइल इस्ट्राडायोल हे कृत्रिम संप्रेरक दर लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम या पातळीवर सोडण्यात आले. परिणामी फॅटहेड मिनो या लहान माशांची संख्या जवळजवळ संपुष्टात आली. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. या पार्श्वभूमीवर, विकरांद्वारे संप्रेरके नष्ट करण्याच्या संशोधनात यश कसे मोजले जाते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विकरांचे कार्य

ट्रॅमेटिस व्हर्सिकलर या बुरशीपासून मिळणारे लॅकेज हे ताम्रयुक्त विकर पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या साह्याने फिनॉल गटाचे ऑक्सिडीकरण करते. पेरॉक्सिडेजला त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड पुरवावे लागते. इस्ट्रोजेनचा फिनॉल गट हाच पेशीतील ग्राहीशी जुळणारा महत्त्वाचा भाग असल्याने या पद्धतीचा तात्त्विक पाया भक्कम आहे.

टक्केवारीची मर्यादा

अनेक प्रयोगांत मात्र शुद्ध द्रावणात मिलिग्रॅमच्या पातळीवर संप्रेरक मिसळले जाते आणि '९५ टक्के निर्मूलन' असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्ष सांडपाण्यात संप्रेरक नॅनोग्रॅममध्ये असते आणि विकराची क्रिया मंदावविणारे असंख्य घटकही असतात. शिवाय १०० नॅनोग्रॅममधून ९५ टक्के गेले, तरी ५ नॅनोग्रॅम उरतात. तळ्यातील मासे संपले ते जवळपास याच पातळीवर. मूळ रेणू नाहीसा होणे म्हणजे संप्रेरक-क्रिया नाहीशी होणे नव्हे. म्हणून यीस्ट पेशींच्या साह्याने उर्वरित क्रियाशीलता तपासणारे प्रयोग अधिक विश्वसनीय ठरतात.

जैविक प्रक्रियेची दुहेरी भूमिका

शरीर संप्रेरकांना ग्लुकुरोनाइड व सल्फेट या निष्क्रिय संयुगांच्या रूपात उत्सर्जित करते. सांडपाण्यातील जीवाणूंचे ग्लुकुरोनिडेज हे विकर ग्लुकुरोनाइड संयुगे फोडून संप्रेरकाला पुन्हा सक्रिय करते. म्हणजे विकर येथे निर्मूलकाइतकेच पुनरुज्जीवकही आहे. पुढे इस्ट्राडायोलचे इस्ट्रोनमध्ये रूपांतर होते. केवळ इस्ट्राडायोल मोजल्यास यश फुगलेले दिसते, कारण इस्ट्रोन सौम्य असले तरी निरुपद्रवी नाही. गाळाला चिकटलेले संप्रेरकही नष्ट झालेले नसून केवळ स्थलांतरित झालेले असते. गाळ अधिक काळ टिकवून नायट्रीकरण साधल्यास मात्र जैविक प्रक्रिया लक्षणीय सुधारते.

व्यावहारिक संदर्भ

स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना सूक्ष्मप्रदूषकांचे ८० टक्के निर्मूलन बंधनकारक केले. तेथे ओझोन व सक्रियित कोळसा या पद्धती स्वीकारल्या गेल्या, विकर नव्हे. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार शहरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. प्रक्रियेची स्थापित क्षमता होती ३१,८४१ दशलक्ष लिटर. अशा स्थितीत मूलभूत जैविक प्रक्रियेला पर्याय म्हणून नव्हे, तर तिच्यानंतरचा टप्पा म्हणूनच विकरांचा विचार व्हावा.

समारोप

विकर-संशोधनाचे महत्त्व निर्विवाद आहे, परंतु त्याची मोजपट्टी अपुरी आहे. प्रत्यक्ष सांडपाणी, नॅनोग्रॅमची पातळी, एकूण इस्ट्रोजेन-क्रियाशीलता आणि गाळाचा हिशेब या चार कसोट्यांवर उतरल्याशिवाय निर्मूलनाचा दावा ग्राह्य मानता येणार नाही. नदीतील माशाला टक्केवारी नव्हे, तर पाण्यात उरलेले संप्रेरकच भोगावे लागते.