विवस्त्रता, संकोच आणि विश्वास

मराठीत विवस्त्रतेचा प्रश्न प्रायः अश्लीलतेच्या अंगानेच चर्चिला गेला आहे. पाहणाऱ्याचे मन बिघडते की नाही, एवढ्यावर सारा वाद केंद्रित झाला. ज्याचे शरीर पाहिले जाते त्यास स्वतःच्या देहाविषयी काय वाटते, हा प्रश्न मागे पडला. हे उणेपण कशामुळे आले, याचा विचार अगत्याचा आहे.

1891 साली ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनी 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' हा संघ स्थापन केला. सभासद अवघे तीन : स्वतः क्रॉफर्ड आणि एका मिशनऱ्याचे दोन पुत्र. पनवेलच्या पूर्वेस असलेल्या माथेरानच्या डोंगरावर ते विवस्त्र एकत्र येत. क्रॉफर्ड यांची रत्नागिरीस बदली होताच संघ मोडला. त्यांचा निःसंकोचपणा खरा असेल. पण तो एकान्ताने आणि अधिकाराने रक्षिलेला होता. त्याच डोंगरउतारावर लंगोटीनिशी वावरणाऱ्या कातकऱ्यांची अर्धनग्नता मात्र मागासलेपणाची खूण गणली जाई. तेव्हा देह उघडा असणे आणि तो निर्भयपणे उघडा ठेवता येणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

हा विषय चव्हाट्यावर मांडण्याचे धैर्य रघुनाथ धोंडो कर्वे यांनी दाखविले. 1927 ते 1953 या काळात चाललेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून त्यांनी नग्नता आणि अश्लीलता यांची फारकत केली आणि अश्लीलता पाहणाऱ्याच्या मनात असते, असे प्रतिपादिले. मासिकातील मजकुरावरून त्यांच्यावर खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड चुकला नाही. कर्व्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. तथापि तो द्रष्ट्याविषयीचा युक्तिवाद आहे. लज्जा ही केवळ सवय मानली की ती तर्काने सुटेल असे वाटू लागते. मासिकाच्या मुखपृष्ठांवर नग्न स्त्रीचित्रे झळकत, परंतु त्या स्त्रीचा स्वतःचा अनुभव या विवेचनात जवळजवळ येतच नाही.

तो अनुभव रवी जाधव दिग्दर्शित 'न्यूड' (2018) या चित्रपटात केंद्रस्थानी येतो. पतीचे घर सोडून मुलासह मुंबईस आलेली यमुना पोटासाठी कला महाविद्यालयात चित्रकारांपुढे विवस्त्र बसण्याचे काम पत्करते. तिचा संकोच कोणाच्या उपदेशाने जात नाही. वर्गातील शिस्त, विद्यार्थ्यांची अभ्यासू दृष्टी आणि त्याच कामात मुरलेल्या चंद्राक्काचा आधार यांमुळे तो हळूहळू ओसरतो. परंतु वर्गाबाहेर, विशेषतः मुलापाशी, हे काम तिला लपवावेच लागते. देह तोच, दृष्टी बदलली की भय परतते. 2017 मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून परीक्षक मंडळाने निवडलेला हा चित्रपट मंत्रालयाने वगळला, त्यामुळे कथेतील भयास जणू बाहेरूनच दुजोरा मिळाला.

या तिन्ही उदाहरणांवरून असे म्हणता येते की, संकोच हा शरीराचा धर्म नसून संबंधाचा धर्म आहे. क्रॉफर्ड यांच्या संघाच्या नावातच 'विश्वास' होता. त्यांस तो अनायासे लाभला, यमुनेस तो एका खोलीपुरता मिळविता आला. कर्व्यांनी समाजाच्या दृष्टीस निर्मळ होण्याचे आवाहन केले, ते आजही मोलाचे आहे. परंतु त्या निर्मळतेची कसोटी पाहणाऱ्याच्या ग्वाहीने होणार नाही. ती जिच्याकडे पाहिले जाते तिच्या निर्भयतेनेच होईल.