नकाशात रंग भरण्याआधी

जीआयएस शिकवायची जी पद्धत सध्या रुळली आहे, तिच्याबद्दल आमची एक तक्रार आहे. क्यूजीआयएस फुकट मिळतं. शिकणारा दोन दिवसांत शेपफाइल उघडतो, जनगणनेचा तक्ता जोडतो, रंग भरतो. नकाशा झकास दिसतो आणि शिकवणी तिथेच संपते.

आता 2011च्या जनगणनेतली लोकसंख्येची घनता घ्या. तेव्हा महाराष्ट्रात 35 जिल्हे होते. गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला 74 माणसं, मुंबई उपनगरात जवळपास 21,000. पाच रंग घेऊन समान अंतराचे गट पाडा. काय होतं? मुंबईचे दोन जिल्हे सगळ्यात गडद, उरलेले 33 सगळ्यात फिके, मधले तीन रंग रिकामेच! ठाण्याची घनता 1,157, तरी ठाणे आणि गडचिरोली एकाच रंगात. आता दुसरा पर्याय निवडा, प्रत्येक गटात सारखे जिल्हे. सात-सातचे पाच गट पडतात, नकाशा एकदम बोलका वाटतो. पण आता 393 घनतेचं नाशिक मुंबईच्या रंगात जाऊन बसतं. आकडा मात्र एकही बदललेला नाही.

तुम्ही म्हणाल, रंगांचं एवढं काय? बघा, प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष लोकसंख्येवर आहे: सपाट भागात 30,000 लोकांमागे एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात 20,000मागे एक. गडचिरोलीच्या सरासरीने 20,000 माणसं म्हणजे सुमारे 270 चौरस किलोमीटर. ठाण्याच्या सरासरीने 30,000 माणसं 26 चौरस किलोमीटरमध्येच भरतात. दवाखान्यापर्यंतचं हे अंतर पहिल्या नकाशाने पुसून टाकलं, आणि बैठकीत टेबलावर ठेवला जातो तो नकाशा, तक्ता नव्हे.

प्रक्षेपण मात्र नीट शिकवतात, हे मान्य करायला हवं. पुणे यूटीएमच्या 43व्या झोनमध्ये, नागपूर 44व्या, हे पोरांना पाठ असतं. कारण उघड आहे. चुकीचा झोन चिकटवला की लेयर भलतीकडेच जाऊन पडतो, चूक डोळ्यांना दिसते. गट चुकीचे पाडले तर काहीच हलत नाही, कुठे लाल अक्षरं येत नाहीत. म्हणूनच त्यावर जास्त वेळ द्यायला हवा, आणि नेमका तोच दिला जात नाही. प्रोग्रामने आधीच निवडून ठेवलेला पर्याय तसाच राहतो.

खरं तर त्याच खिडकीत हिस्टोग्रामचा टॅब असतो. तो उघडला की 33 जिल्हे एका कोपऱ्यात दाटलेले आणि मुंबई पार दुसऱ्या टोकाला, हे लगेच कळतं. आमच्या वर्गात तो पाहिल्याशिवाय कुणालाही रंग भरू देत नाही. गटांच्या सीमा हातानेही टाकता येतात. त्या नेमक्या कुठे टाकायच्या यावरून पोरं भांडतात. आम्ही भांडू देतो.