काखेत टॉवेल

गोल्फ हा खेळ मैदानावर खेळतात अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. गेल्या काही महिन्यांत मी तो दहा बाय बाराच्या हॉलमध्ये रोज खेळलो आणि मैदानावर फक्त एकदा. एवढ्या अनुभवाच्या जोरावर मी आज गोल्फच्या घरगुती सराव-साधनांची समीक्षा करणार आहे. तुम्ही विचाराल, अधिकार काय? मी बी.कॉम. आहे आणि पैसे माझे गेलेत. नाट्यसमीक्षकाला तर पासही फुकट मिळतो.

मुळात क्लार्कच्या घरात गोल्फ शिरलाच कसा, ते सांगतो. आमच्या शाखेत नवे मॅनेजर आले. त्यांनी एकदा लंच टाइममध्ये विचारलं, "गोल्फ वगैरे खेळता का?" बावीस वर्षांच्या नोकरीत मॅनेजरच्या कोणत्याही प्रश्नाला मी एकच उत्तर देत आलोय, "थोडंफार, साहेब." इंग्रजी थोडंफार, कॉम्प्युटर थोडंफार, तब्येत थोडीफार. साहेब खूश झाले. "मग तीन महिन्यांनी या आमच्याबरोबर. दोन मोठे खातेदार आहेत, चौथा माणूस कमी पडतोय." माझ्या डब्यातली भेंडी डब्यातच राहिली.

घरी येऊन मी आधी हिशेब मांडला. अठरा होलच्या मैदानाचं पार बहुतेक ठिकाणी ७२ असतं. त्यात प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात. म्हणजे ३६. एकूण खर्चातला निम्मा खर्च एकाच खात्यावर! ते खातं आटोक्यात आणलं की ताळेबंद जुळलाच. शिवाय पटला जागा थोडी लागते, ट्यूबलाइट फुटत नाही आणि खालच्या मजल्यावरचे जोशी वर येत नाहीत. मी पटिंगची मॅट मागवली. अडतीसशे रुपये. सौ.ला आकडा सांगताना पुढचा तीन मी पुसटसा उच्चारला.

मॅट म्हणजे एक लांब हिरवी सतरंजी. तिच्या टोकाला चढ, चढावर भोक, आणि बाजूनं एक पन्हळ. बॉल भोकात पडला की पन्हळीतून गडगडत आपल्या पायाशी परत येतो. पहिल्या रात्री वीसपैकी सतरा बॉल गेले. मी सौ.ला झोपेतून उठवून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, परतच येतोय ना तो? मग घालवता कशाला?" त्या वेळी मला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटला. या साधनावर इतकी मार्मिक समीक्षा नंतर माझ्या वाचनात आली नाही.

पुढे साधनं वाढत गेली. एक आरसा आला. तो जमिनीवर ठेवायचा, त्यावर बॉल ठेवायचा आणि आपले डोळे बरोबर बॉलच्या वर येतात का ते बघायचं. डोळे आले, त्यांच्याबरोबर दोन हनुवट्याही आल्या. मग टोकाला जड गोळा लावलेली एक लवचिक काठी आली. ती फिरवली की स्विंगला लय येते म्हणतात, आणि खरंच येते. पण आमच्या हॉलमध्ये ती लय पंख्याला समेवर गाठते. नंतर इम्पॅक्ट बॅग. हिच्यात जुने कपडे कोंबायचे आणि काठीनं बडवायचं, म्हणजे बॉल भेटतो त्या क्षणी मनगट कसं असावं ते कळतं. मोलकरणीनं हे दारातून पाहिलं आणि कपडे धुण्याचा दर वाढवून मागितला.

शेवटी एक टकटक करणारं यंत्र. जॉन नोव्होसेल या अमेरिकन गृहस्थांनी 'टूर टेम्पो' या २००४ सालच्या पुस्तकात असं मांडलं, की उत्तम खेळाडूंचा क्लब मागे जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या एक तृतीयांश वेळात तो खाली बॉलपाशी येतो. तीनास एक. म्हणजे विलंबितात वर, द्रुतात खाली. आमच्यासारख्या गणपतीत टाळ कुटलेल्या माणसाला ते लगेच पटतं. हातांना पटायला वेळ लागतो.

आता समीक्षेचा खरा भाग. एवढा खर्च झाल्यावर मी वाचन सुरू केलं. आमच्या कर्जखात्यातही हाच क्रम असतो. तेव्हा मार्क ब्रॉडी भेटले. हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बिझनेस स्कूलचे प्राध्यापक. म्हणजे कॉमर्सवालेच, आमच्या जातीचे. त्यांचं 'एव्हरी शॉट काउंट्स' हे पुस्तक २०१४ सालचं. त्यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या फटक्यांच्या नोंदी तपासल्या आणि माझ्या ताळेबंदावर लाल रेघ ओढली. वरचढ खेळाडू आणि सामान्य खेळाडू यांच्यातल्या फरकात पटिंगचा वाटा साधारण १५ टक्केच. सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांत पडतो. माझी चूक उघड होती. खर्च कुठे जास्त होतो ते मी पाहिलं होतं. तोटा कुठे होतो ते पाहिलं नव्हतं. मग बाजारात पटिंगच्या मॅटचाच एवढा सुळसुळाट का? कारण ती घरात मावते. दोनशे यार्डांची मॅट कुणाच्या हॉलमध्ये पसरणार?

आणि पटिंग तरी सोपं कुठे आहे? होलचा व्यास १८९१ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या मंडळींनी सव्वाचार इंच ठरवला. मिलिमीटरमध्ये १०८. आपल्या जपमाळेत मणी तेवढेच! बॉल कमीत कमी ४२.६७ मिलिमीटरचा. म्हणजे भोक बॉलच्या अडीच पट. तरी अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे, पोटापाण्यासाठी खेळणारे खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्म्या वेळा चुकतात. आणि मी सौ.ला उठवून वीसपैकी सतरा दाखवत होतो! चूक करूच न देणारी वस्तू आपल्याला शिकवत नसून खूश करतेय, हा संशय मला त्याच वेळी यायला हवा होता. बँकेच्या माणसाला तर आधीच. आमच्याकडे नोटा मोजायचं मशीन आल्यापासून माझी बोटं नोट ओळखायची विसरली आहेत. पूर्वी बंडलात एखादी नोट वेगळी लागली की अंगठा आपसूक थांबायचा. आता मशीन थांबतं, मग मी थांबतो. वीज गेली की दोघंही थांबतो.

गंमत म्हणजे गोल्फच्या नियमांनाही हे ठाऊक आहे. नियम ४.३ प्रमाणे खेळ चालू असताना स्विंगचं सराव-साधन वापरायला किंवा दिशा दाखवायला जमिनीवर काठी मांडायला मनाई आहे. दहावीच्या पोरानं घरी गाइड कितीही वाचावं, पेपरला ते वर्गाबाहेर ठेवावं लागतं. तसंच हे.

दहावीवरून आठवलं. आमचे चिरंजीव यंदा दहावीला आहेत. त्याच्या कंपासपेटीतली स्टीलची फूटपट्टी मी या काळात पळवली होती. कारण एक जुना, बिनपैशाचा सराव मी वाचला होता: पट्टी जमिनीवर ठेवायची, तिच्या एका टोकाला बॉल ठेवायचा आणि पट करायचा. बॉल पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला तर दिशा बरोबर. नाहीतर तो वाटेतच खाली घरंगळतो. पहिल्या रात्री वीसपैकी चार. तसंच पटरचं डोकं जेमतेम जाईल एवढ्या अंतरावर बुद्धिबळातले दोन हत्ती उभे करायचे आणि मधून पट मारायचा. हत्ती पडला की चूक कळते. कुणी सांगावं लागत नाही. तिसरं साधन टॉवेल. छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत धरायचा आणि अर्धा स्विंग करायचा. हात अंगापासून सुटले की टॉवेल पडतो. अडतीसशेची मॅट, आरसा, काठी, बॅग, टकटक एवढं गाव फिरून आल्यावर कळसा कुठे सापडला, तर अक्षरशः काखेत!

यावरून मी समीक्षेचा एक निकष काढलाय. जे साधन चूक दाखवतं ते घ्यावं. जे चूक झाकतं ते दुकानातच राहू द्यावं. आरसा, टॉवेल, पट्टी पास. काठी पास, पण गच्चीवर. बॅग आणि टकटक एटीकेटी. मॅट नापास.

हा निकष मला घरी सुचला असं सांगायला आवडलं असतं. तो मैदानावर कळला, चारचौघांत.

ठरल्या रविवारी साहेबांनी मला पाहुणा म्हणून नेलं. पहिला फटका, खोटं कशाला बोलू, बरा गेला. टॉवेलची पुण्याई. मग रडतखडत ग्रीनवर पोचलो. होल चार फुटांवर. दोन्ही खातेदार बघतायत, साहेब बघतायत. मी हॉलमधल्या सरावानं पट मारला. चढ नव्हता. बॉल होलच्या कडेवरून सरळ सात फूट पुढे गेला. आणि मी तिथेच उभा.

माझा कॅडी म्हणजे आमच्या शाखेतलेच एक खातेदार, दर महिन्याला पासबुक भरायला माझ्याच काउंटरवर येणारे काका. ते हळूच म्हणाले, "साहेब, घरी चढाची मॅट आहे का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मॅटवर शिकलेला माणूस पट मारून उभा राहतो. बॉल परत यायची वाट बघतो."

त्या होलवर मी चार पट घेतले. साहेब "होतं असं" म्हणाले, पण ते माझ्याकडे न बघता. पुढच्या रविवारी चौथा माणूस दुसरा होता.

परतताना काकांना विचारलं, तुम्ही कशावर शिकलात? चेंबूरच्या गोल्फ मैदानालगतच्या वस्तीत कॅडी आणि त्यांची पोरं गल्लीबोळांतून गोल्फ खेळतात. काका तिथलेच. क्लब म्हणजे वाकवलेली लोखंडी सळई, बॉल प्लॅस्टिकचा. गल्ली चार हात रुंद, वर पत्रे, दोरीवर कपडे, दारात बसलेल्या बाया. "आणि सराव-साधन?" मी विचारलं. काका हसले. "गटार आहे ना, साहेब. बॉल तिरका गेला की गटारात. आणि काढायला हात आपल्यालाच घालावा लागतो. दोनदा हात घातला की तिसऱ्यांदा सरळ जातो."

एवढा मोठा शिक्षणशास्त्राचा सिद्धांत मी पासबुक छापताना इतकी वर्षं काउंटरवरून परत पाठवत होतो.

घरी आलो तर चिरंजीवांचा भूमितीचा सराव पेपर आला होता. चाळीसपैकी अठरा. आणि ॲपवर गडी रोज पंचाण्णव टक्के मिळवतो! ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या ॲपचा 'हिंट' नावाचा बटण डोळ्यांपुढे आला. गणित अडलं की तो दाबायचा, उत्तर पन्हळीतून गडगडत पायाशी. आणि ॲप घेऊन दिलं होतं मीच. वर्षाचे पैसे आगाऊ भरून, सवलतीत. उघडलेलं तोंड मी जांभई देऊन मिटलं.

त्याची पट्टी त्याला परत केली. कोरा कागद समोर ठेवला, मोबाइल कपाटात टाकला आणि शेजारी बसलो.

"बाबा, अडलं तर? हिंट?"

"हिंट नाही," मी म्हणालो. "गटार आहे. घाल हात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग सौ.कडे बघितलं. ती म्हणाली, "कर रे बाळा. आज ते मैदानावर जाऊन आलेत."